ट्रॅक्टरचा सेल्फ लागत नाही? पार्ट बदलण्याआधी करंट कुठे अडतोय ते शोधा

ट्रॅक्टर चावीला चालू होईना की गावात पहिला सल्ला मिळतो तो नवी बॅटरी टाकण्याचा. दुसरा, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारा स्टार्टर) उतरवून दुकानात नेण्याचा. दोन्ही खर्च होतात आणि शेवटी दोष निघतो अर्थ केबलच्या (बॅटरीचा निगेटिव्ह ते बॉडी) टोकाला, ढिल्या झालेल्या एका बोल्टात. असं होऊ नये म्हणून हा लेख.

सेल्फचं सर्किट तसं लहान आहे. बॅटरी, दोन जाड केबल, चावीचा स्विच, क्लच किंवा गिअरजवळचा सेफ्टी स्विच, काही मॉडेलांत एक रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), सेल्फच्या पाठीवर बसलेला सोलेनॉइड (मोटरीचा जाड करंट जोडणारा मोठा स्विच) आणि खुद्द सेल्फची मोटर. एका टोकापासून क्रमाने तपासत गेलं तर करंट नेमका कुठे अडतोय ते कळतं. अंदाजाने पार्ट बदलणं मात्र महाग पडतं, आणि दोष जागच्या जागी राहतो.

लागणारं सामान साधं आहे: डिजिटल मल्टिमीटर, पान्यांचा सेट, पॉलिश पेपर, आणि घरी बनवलेला टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या आणि होल्डरला दोन लांब वायरी जोडा, झाला लॅम्प. मीटर असताना लॅम्प कशाला, तर मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. त्यामुळे आतून तुटून एका तारेवर लोंबणारी वायरसुद्धा मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. वायर खराब असेल तर तो मिणमिणतो आणि खोटं उघडं पडतं.

आधी जिवाची काळजी

खाली उभं राहून, पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर लावून सोलेनॉइडचे बोल्ट शॉर्ट करायची पद्धत खेड्यापाड्यांत सर्रास दिसते. ती करू नका, आणि तुमच्या ड्रायव्हरलाही करू देऊ नका. असं शॉर्ट केलं की करंट चावी, क्लच स्विच, न्यूट्रल स्विच या सगळ्यांना वगळून थेट मोटरीत जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सेल्फ फिरताच तो पुढे सरकतो. त्यात डिझेल इंजिनला पेटायला ठिणगी लागत नाही. जुन्या, ओढायच्या स्टॉपच्या (इंजिन बंद करायच्या खटक्याच्या) ट्रॅक्टरचा स्टॉप आत असेल तर चावी बंद असतानाही इंजिन चालू होतं. सेल्फपाशी उभ्या माणसाच्या मागेच मोठं चाक असतं. बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. या एका सवयीने माणसं गेली आहेत.

म्हणून कुठलीही तपासणी करण्याआधी मुख्य गिअर आणि हाय-लो दोन्ही लिव्हर न्यूट्रलला आणा, पीटीओ (औजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद करा, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. सेल्फ फिरवून रीडिंग घ्यायचं असेल तेव्हा स्टॉप ओढून ठेवा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. चावीने बंद होणाऱ्या ट्रॅक्टरवर डिझेल पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून ठेवावी. हातातली अंगठी, कडं, घड्याळ उतरवा. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, त्यामुळे तिच्याजवळ विडी-सिगारेट, काडी काहीही नको. बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी सोडायचा आणि जोडताना तो शेवटी जोडायचा. उलट केलं आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर पाना जागीच वेल्ड होतो.

आवाज काय येतो ते ऐका

हेडलाइट लावा, चावी सेल्फवर फिरवा, कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवा.

डॅशबोर्डवरचा एकही दिवा लागत नाही आणि आवाजही नाही: बॅटरी पूर्ण उतरली आहे, टर्मिनल सुटलंय किंवा मेन फ्यूज गेला आहे.

दिवे झगझगीत, पण सेल्फकडून टकसुद्धा नाही: दोष बारीक वायरीच्या बाजूला आहे, म्हणजे चावी, सेफ्टी स्विच, रिले किंवा सोलेनॉइडला येणारी वायर.

कट-कट-कट असा जलद आवाज आणि प्रत्येक कटला दिवे मंदावतात: बॅटरीत दम नाही किंवा जाड केबलचं कनेक्शन कच्चं आहे. सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. ओढणारी प्लंजर ओढते, आतले कॉन्टॅक्ट जुळतात, मोटर एकदम करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, धरणारीला प्लंजर धरवत नाही आणि तो सुटतो. व्होल्टेज परत चढलं की तेच चक्र पुन्हा. हा आवाज ऐकून सोलेनॉइड बदलणारे बरेच आहेत, पण दोष बहुधा त्याचा नसतो.

एकच दमदार टक आणि पुढे शांतता: इथे हेडलाइटकडे बघा. दिवे तसेच झगझगीत राहिले तर करंट मोटरीत जातच नाही, म्हणजे सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा सेल्फचे कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) संपलेत. दिवे अगदीच विझू आले तर बॅटरी कमजोर आहे, कनेक्शन कच्चं आहे किंवा सेल्फ अथवा इंजिन जाम आहे.

सेल्फ घर्रकन फिरतो पण इंजिन फिरत नाही: बेंडेक्स (सेल्फचा फ्लायव्हीलला अडकणारा गिअर) घसरतोय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेलेत. खरखर करून कधी धरतो, कधी सोडतो, तेव्हा रिंगचे दात नक्की बघा.

इंजिन झपाझप फिरतं पण पेटत नाही: सेल्फला दोष देऊ नका. लाइनमध्ये हवा धरली आहे, फिल्टर चोंदलाय किंवा स्टॉप सोलेनॉइड डिझेल सोडत नाही. तो वेगळा विषय आहे.

बॅटरी: दिसणारा आकडा आणि खरा दम

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकली असेल तर सहापैकी एक खण मेला आहे, कारण एकेक खण २.१ व्होल्टचा असतो. तिच्यावर पुढे खर्च करू नका.

वर बुचं असलेली बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजायची नळी) लावा. आपल्या हवेत पूर्ण चार्ज झालेल्या खणात १२४० ते १२६० ग्रॅव्हिटी मिळते. सगळे खण सारखेच कमी असतील तर बॅटरी फक्त उतरलेली आहे, चार्ज करा. पाच खण १२४० आणि एकच ११९० च्या खाली, तर तो खण खराब. पाणी प्लेटच्या साधारण १० ते १२ मिलिमीटर वर हवं आणि ते डिस्टिल्डच हवं. बोअरचं नको, विहिरीचं तर नकोच, आणि दम वाढेल म्हणून ॲसिडही घालू नका. झीज होते ती पाण्याची, ॲसिडची नाही.

चार्जिंग सावकाश करा. ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ७ ते ८ अँपिअर पुरे. दोन तासांत भरून देतो म्हणणाऱ्याकडे जोराचा चार्ज लावला की प्लेटा तापतात आणि आयुष्य घटतं.

मग खरी परीक्षा. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच धरा, लगवर (केबलच्या टोकाच्या पकडीवर) नाही. स्टॉप ओढलेला ठेवून दुसऱ्याला सीटवर बसवा आणि क्लच दाबून सेल्फ मारायला सांगा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि दोन वेळांमध्ये मिनिटभर विश्रांती द्या. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या वर राहिलं तर बॅटरीत दम आहे. ८ वर कोसळलं तर बॅटरी गेली आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट ओढतोय. चांगली चार्ज केलेली दुसरी बॅटरी लावून पाहिलं की दोघांपैकी कोण ते कळतं. निफाडकडच्या थंडीत पहाटे हा आकडा दुपारपेक्षा खाली येतो, कारण गारठ्याने बॅटरीची ताकद घटते आणि इंजिनचं ऑइल घट्ट होतं. म्हणून हिवाळ्यातलं निदान पहाटेच करावं.

केबल आणि अर्थ: सगळ्यात जास्त दोष इथे सापडतात

इथे थोडा वेळ द्या, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. मीटर बॅटरीवर १२.६ दाखवतं, सेल्फच्या बोल्टवरही १२.६ दाखवतं, तरी सेल्फ हलत नाही. मग माणूस म्हणतो, करंट तर येतोय, सेल्फच गेला. पण हे मोजमाप करंट वाहत नसताना घेतलेलं असतं.

ट्रॅक्टरचा सेल्फ फिरताना दोनशे-तीनशे अँपिअर सहज ओढतो. कनेक्शनमध्ये ओहमचा फक्त शंभरावा भाग, म्हणजे ०.०१ ओहम अडथळा आहे असं धरा. साध्या मीटरला तो मोजताही येत नाही. पण २५० अँपिअर त्यातून जाताना २.५ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बाराच्या बॅटरीतले अडीच वाटेतच गेले तर सेल्फ दमणारच. म्हणून मोजायचं ते सेल्फ मारत असताना, आणि बॅटरीपासून सेल्फपर्यंत वाटेत किती व्होल्ट हरवतात ते.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. पहिलं रीडिंग पॉझिटिव्ह बाजूचं. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, काळं टोक सोलेनॉइडवर जाड केबल येते त्या बोल्टवर. सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल, त्याहून जास्त म्हणजे केबल किंवा तिची टोकं खराब. दुसरं रीडिंग अर्थचं. लाल टोक सेल्फच्या बॉडीवर, रंग खरवडलेल्या उघड्या लोखंडावर, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. इथे ०.३ च्या वर गेलं तर अर्थ कच्चा. तिसरं रीडिंग सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमधलं. सेल्फ फिरताना तिथेही ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत.

आकडा जास्त आला की टोकं जवळजवळ आणत जा: खुंट ते लग, लग ते केबल, केबल ते बोल्ट. ज्या दोन बिंदूंमध्ये व्होल्ट हरवतात तिथेच दोष. कधी कधी लग आणि केबल यांच्या सांध्यातच एक व्होल्ट जातो. रबर मागे सरकवून बघितलं तर आतली तांब्याची तार हिरवी पडून भुसभुशीत झालेली असते. वरून टेप गुंडाळून ती बरी होत नाही, केबलच बदलावी लागते. बदलताना जाडी कमी करू नका. दुकानदार बारीक केबल देऊन चालेल म्हणतो, पण सेल्फला ती चालत नाही.

अर्थच्या बाबतीत एक गोष्ट दरवर्षी घडते. दसऱ्याआधी ट्रॅक्टर प्रेशरने धुतला जातो, रंगकाम होतं, खंडे नवमीला पूजा होते आणि त्यानंतर सेल्फ कुरकुरायला लागतो. अर्थची पट्टी सोडून परत बसवताना तिच्याखाली नवा रंग राहिलेला असतो. बोल्ट घट्ट असतो, पण मधे रंगाचा थर. पट्टी सोडा, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि पुन्हा आवळा.

टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा फुलोरा गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. बुचं घट्ट लावलेली असू द्या, सोड्याचं पाणी खणात जाता कामा नये. वाळल्यावर खुंट आणि लग आतून घासा, घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. ग्रीस किंवा व्हॅसलीन आधी लावून वर लग बसवणं चुकीचं.

टक आवाजच नाही तेव्हा

सोलेनॉइडवर तीन टोकं असतात: बॅटरीची जाड केबल येते तो बोल्ट, मोटरीत जाणारा दुसरा बोल्ट आणि चावीकडून येणारी बारीक वायर. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीला आणि दुसरं त्या बारीक वायरच्या टोकाला लावा. सीटवरच्या माणसाने क्लच पूर्ण दाबून चावी सेल्फवर फिरवावी.

लॅम्प झगझगीत लागला आणि तरी टक नाही: सोलेनॉइड खराब, किंवा सेल्फचे कार्बन इतके झिजलेत की ओढणाऱ्या कॉइलचा रस्ताच बंद झालाय. त्या कॉइलचा अर्थ मोटरीतून जातो.

लॅम्प मिणमिणला: वाटेत कुठेतरी कच्चा सांधा आहे. लागलाच नाही तर मागे चालत जा. रिले असेल तर त्याच प्रकारचा दुसरा रिले, हॉर्नचा वगैरे, अदलाबदल करून बघा. मग क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच. नव्या ट्रॅक्टरांत क्लच पूर्ण तळाला गेल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि बऱ्याचदा स्विच चांगला असतो, फक्त पॅडलखाली वाळलेला चिखल अडकलेला असतो. स्विचच्या दोन्ही वायरींवर लॅम्प लावा. एका बाजूला करंट आहे, क्लच दाबूनही दुसऱ्या बाजूला नाही, तर स्विच गेला. खात्रीसाठी दोन वायरी क्षणभर जोडून बघायला हरकत नाही, पण न्यूट्रलमध्ये आणि सीटवर बसूनच. नंतर नवा स्विच टाका. वायरी कायमच्या पिळून ठेवलेले ट्रॅक्टर मला ठिकठिकाणी दिसतात. घरातलं पोर नुसती चावी फिरवून बघेल, याचा विचार करा.

चावीचा स्विच पावसात भिजतो, धुळीने भरतो. चावी थोडी हलवल्यावर, दाबल्यावर सेल्फ लागत असेल तर आतले कॉन्टॅक्ट झिजलेत. त्याची किंमत सेल्फच्या मानाने किरकोळ आहे, लगेच बदला. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला घासली आहे किंवा उंदराने कुरतडली आहे, ती शोधा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली तर पुढच्या वेळी अख्खी वायरिंग जळते.

सेल्फ उतरवायची वेळ कधी येते

बॅटरी पास, केबल पास, मोटरच्या बोल्टवर १२ व्होल्ट पोचतात आणि मोटर गप्प, तर कार्बन किंवा आर्मेचर (मोटरीतला फिरणारा भाग) खराब. सगळं ठीक असून सेल्फ जड फिरतो आणि बॅटरीचं व्होल्टेज ५-६ पर्यंत खाली ओढतो, तर बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) झिजून आर्मेचर आत घासतंय. नाहीतर इंजिनच जाम आहे.

इंजिनची खात्री आधी करा. स्टॉप ओढून क्रँक पुलीच्या नटवर पाना लावा आणि हाताने फिरवून बघा. कॉम्प्रेशनला जड लागेल, पण फिरलं पाहिजे. पावसाळ्यात उघड्यावर उभा असलेला ट्रॅक्टर, सायलेन्सर उभा आणि त्यावर डबा उपडा घातलेला नाही, तर पाणी थेट सिलिंडरपर्यंत पोचू शकतं. अशा वेळी जोर लावला, सेल्फ मारत राहिलात किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढलंत, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढावं लागतं. हे काम मेकॅनिककडेच द्या.

सेल्फ-डायनामोवाल्याकडे सेल्फ नेताना नुसतं "चालत नाही" असं सांगू नका, तुमचे आकडे सांगा. कार्बन, बुश आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट यांपैकी काय बदललं ते विचारा आणि जुने पार्ट परत मागा.

रोज सकाळी बॅटरी उतरलेली मिळते

इथे दोनच शक्यता: भरत नाही किंवा गळते. इंजिन चालू करून मध्यम रेसवर बॅटरीचं व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.४ असेल तर चार्जिंग ठीक. १२.५ च्या आसपासच रेंगाळत असेल तर आधी चार्जिंग करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा बघा. अंगठ्याने मधोमध दाबल्यावर साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. व्होल्टेज १५ च्या वर गेलं म्हणजे रेग्युलेटर खराब, आणि बॅटरीचं पाणी भराभर कमी होतंय ते त्यामुळेच. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर तपासायची जुनी युक्ती वापरू नका, व्होल्टेज उसळून डायोड जातात. ट्रॅक्टरवर किंवा त्याला जोडलेल्या औजारावर वेल्डिंग करतानाही बॅटरीचा निगेटिव्ह सोडून ठेवा.

गळती बघायला चावी बंद करा, निगेटिव्ह केबल सोडा, मीटर १० अँपिअरवर ठेवून केबल आणि खुंट यांच्यामध्ये जोडा. अशा वेळी चावीला हात लावायचा नाही, नाहीतर मीटर जातं. साध्या ट्रॅक्टरवर आकडा जवळपास शून्य हवा. ०.५ अँपिअर दिसत असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ७५ ची बॅटरी तीन-चार दिवसांत निम्मी. आता एकेक फ्यूज काढा, ज्याने आकडा पडतो ती लाइन दोषी. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांवर साउंड, ॲम्प्लिफायर, जादा एलईडी हे सगळं थेट बॅटरीवरून घेतलेलं असतं, तिथून सुरुवात करा. या सगळ्याला चावीनंतरची लाइन आणि स्वतंत्र फ्यूज द्या. फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा. डायोड गळका असेल तर तेव्हा तो पडेल. सोडलेली वायर आधी टेपने नीट झाका, तिच्यात करंट असतो.

पेरणी तोंडावर आली आणि तात्पुरतं चालू करायचंच असेल तर जम्पर (दुसऱ्या बॅटरीवरून जोडायच्या केबल) लावा. दुसरी बॅटरी १२ व्होल्टचीच हवी, २४ व्होल्टच्या ट्रकची नको. पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह, मग चांगल्या बॅटरीचा निगेटिव्ह, आणि शेवटचं टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनवर, बॅटरीपासून दूर, उघड्या लोखंडाला. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, ती बॅटरीच्या वायूजवळ पडू नये म्हणून हा क्रम. काढताना उलट.

दुरुस्त सेल्फ परत बसवताना बेल हाउसिंगवरची त्याची बसण्याची जागा घासून स्वच्छ करा, कारण सेल्फचा अर्थ तिथूनच मिळतो. बोल्ट समान आवळा, बारीक वायर गरम सायलेन्सरपासून लांब बांधा, निगेटिव्ह शेवटी जोडा. मग स्टॉप ओढून केबलची ती तीन रीडिंग पुन्हा घ्या आणि तारखेसकट वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी सेल्फ दमला की त्या आकड्यांशी ताडून बघता येईल.